सव्विसावा दोरा

सोनपेठ,
२० जानेवारी १९८८

चन्नबसम्मा वन्संना गंगम्माचा शरणार्थ.

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकलं नसेल तर पुढे वाचा. आत रडगाणं नाही, मागणं नाही आणि तुमच्या भावाविषयी एक शब्दही नाही. पत्र मुद्दाम बालवाडीच्या पत्त्यावर टाकलंय. घरी टाकलं असतं तर आत्याबाईंनी पोस्टमनलाच ओट्यावर बसवून वाचून घेतलं असतं, आणि सून काय लिहिते ते दुपारपर्यंत सगळ्या ताडकळसला कळलं असतं.

ताडकळसला बालवाडी निघाली आणि तुम्ही तिथल्या बाई झालात, हे परभणी गाडीवरच्या व्यंकटराव कंडक्टरांनी सांगितलं. बरं झालं. तुमच्या आवाजाला ते घर लहानच पडत होतं. माझी काशी तुमच्याच वर्गात बसते, हेही त्यांनीच सांगितलं. तिच्याबद्दल मी काही विचारत नाही. तुम्ही आपणहून लिहिलंत तर वाचीन.

मी इथे दादाच्या घरी ठीक आहे. सिताराम शिंप्याकडे काज-बटणं आणि तुरपाई करते, हातखर्चापुरतं सुटतं. तर मनात असं आलं की तुमच्या बालवाडीतल्या पोरांना काहीतरी द्यावं. सगळ्यांना, एकसारखं. एकाच कोणाला नाही. कारण विशेष काही नाही, सणासुदीला लेकरांच्या हातावर काही पडावं एवढंच.

पण काय द्यावं यावरच घोडं अडलंय. आठ दिवस बाजारातून नुसती फिरतेय. पत्र्याच्या शिट्ट्या स्वस्त आहेत, पण तुम्ही मला शिव्या द्याल. फुगे दिले तर घरी पोचायच्या आत फुटतील आणि पोरं रडत जातील. भोवरे पोरींना चालत नाहीत, बाहुल्या पोरांना. गोळ्या-बिस्किटं देऊ नयेत, खाऊन झालं की मागे काही राहत नाही. मला राहणारं काहीतरी हवंय.

तुम्ही सुचवा. पोरं किती आहेत तेही कळवा. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, मी समजून घेईन. म्हणजे घेणार नाही, पण सवय आहे.

गंगम्मा


सोनपेठ,
१४ फेब्रुवारी १९८८

वन्संना शरणार्थ.

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी, त्यातही एक पुसट. ‘पोरं सव्वीस हायत. शिट्ट्या नको, मला कान हायत. घरी गेल्यावर म्हाताऱ्यांनी हिसकून घेऊ न्हाई असं काही दे.’ एवढंच. तरी मी ते चार वेळा वाचलं. काशीचा शब्द कुठे शाईखाली दडलाय का ते बघत होते. जाऊ द्या. मीच विचारणार नाही म्हटलं होतं.

आधी वाटलं, होळी जवळ आलीय, साखरेच्या गाठ्या द्याव्यात. सिताराम शिंप्याची बायकोही म्हणाली, ‘लेकरं लय खूश होतेत.’ पण रात्रभर विचार करून बेजार झाले. गाठी गळ्यात पडली की दारात उभं राहून पहिलं कोणीही विचारतं, ‘कुणाकडची गं?’ आणि होळीची गाठी आजोळहून येते, हे ताडकळसच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आत्याबाईंना एका क्षणात वास येईल. मग गाठी उकिरड्यावर आणि तुमच्यावर तोफ. वरून मुंग्या लागतात ते वेगळंच.

आता मला बरोबर सापडलंय. काळ्या मण्यांच्या मनगट्या. बायनाबाई कासारणीकडे काळ्या-पांढऱ्या मण्यांचे सर मिळतात, महाग नाहीत, आणि ओवायला माझे हात आहेत. मनगटी पोरालाही चालते, पोरीलाही. मुख्य म्हणजे कोणतीही आजी ती लेकराच्या हातातून काढणार नाही. उलट नजर लागू नये म्हणून स्वतःच नीट करून घालील. द्वेष कितीही असला तरी नजरेचं भय त्याहून मोठं.

फक्त मापं पाहिजेत. सैल झाली तर खेळताना गळून पडेल, घट्ट झाली तर वळ उठेल. शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने एकेकाचं मनगट मोजा, माप आलं तिथे गाठ मारा, तोडा, आणि सगळे दोरे पाकिटात घालून पाठवा. कोणाचा कोणता ते लिहायचा त्रास घेऊ नका. मला सगळी पोरं सारखीच.

आणि एक. सव्वीसच्या सव्वीस पोरांना द्यायच्या. पलीकडच्या वस्तीतली पाच येतात असं व्यंकटराव म्हणाले. तिथली एखादी आई ‘राहू द्या’ म्हणाली तरी तुम्ही ऐकू नका. कोणाचा हात रिकामा दिसला की मग बाकीच्यांच्या हाताकडे लोक बघत बसतात.

कधी वाटणार तेवढं कळवा. माझ्या मनात एक दिवस आहे, पण तुमचा ऐकून मग सांगते.

गंगम्मा


सोनपेठ,
१० मार्च १९८८

वन्संना शरणार्थ.

दोरे पोचले. त्या रास्ता रोकोमुळे गाड्या बंद होत्या, टपाल सहा दिवस परभणीतच पडून होतं. मी रोज पोस्टात जाऊन त्या माणसाचं डोकं खाल्लं. शेवटी तो मला लांबून बघूनच मान हलवायला लागला.

तुमच्या चिठ्ठीतलं वाचून आधी हसू आलं. रजिस्टरात सव्वीसही पोरांचा वाढदिवस एक जून. कोणाच्या आईला तारीख सांगता येत नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांना एकच टाकली, आणि मनगट्या त्याच दिवशी वाटू म्हणता. एका दिवसात सव्वीस बाळंतपणं. ताडकळसची सुईण कशी जगली म्हणायची.

मग हसू थांबलं. काशीचीही एक जूनच लिहिलीत? तिची तारीख तर तुम्हाला माहीत होती. मला विसरता येईल, तुम्हाला येणार नाही.

ते पुढे लिहिते. आधी दोऱ्यांचं सांगते.

वहिनी पाण्याला गेल्यावर मी पाकीट उघडलं आणि दोरे सुपात पसरले. मोजले, तर पंचवीस. पुन्हा मोजले. पाकीट उलटं करून झटकलं, पदर झटकला, खाली वाकून सगळी जमीन हाताने चाचपली. पंचवीसच. एक वाटेत गळाला असणार, तुमचं पाकीट एका कोपऱ्यात फाटलेलं होतं.

वन्सं, मला वाटलं होतं की दोरा हातात आला की कळेल. मी आई आहे, आतून काहीतरी बोलेल, हा काशीचा. एकेक दोरा उचलला. अंगावर होती तेव्हा तिचं मनगट माझ्या अंगठ्यात आणि करंगळीत बसायचं, वर बोटभर जागा उरायची. तसं धरून बघितलं. पण पावणेतीन वर्षांत पोरीचा हात किती वाढतो, हे मला कुठे माहीत आहे? आधी चार निवडले, मग दोन, मग पुन्हा सहा झाले. एकही दोरा काही बोलला नाही. पंचवीस दोरे, त्यातला एक माझ्या लेकीचा, आणि मला तो ओळखता येईना. मी सुपावर डोकं ठेवून रडले. वहिनी आली तेव्हा म्हटलं, दोऱ्याची धूळ डोळ्यात गेली.

आता खोटं किती बोलू? सणासुदीचं वगैरे काही नाही. मला फक्त काशीला काहीतरी द्यायचं होतं. तिला एकटीला दिलं असतं तर तुमच्या घरात टिकलं नसतं, म्हणून सव्वीस पोरांच्या आडोशाने द्यायला निघाले. हे तुम्ही पहिल्याच पत्रात ओळखलं असेल. तुम्ही ओळखून गप्प बसणाऱ्यातल्या.

आणि ते दुसरं. तिचा जन्म नागपंचमीचा. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही. सुईणीने ब्लेड खाली ठेवलं, आत्याबाई म्हणाल्या, ‘दिवस मावळू द्या, मग बघू.’ लेकरू निळं पडायला लागलं होतं. तुम्ही आत आलात, कोणाला विचारलं नाहीत, ब्लेड उचललंत आणि नाळ कापलीत. म्हणालात, ‘नागाला काय सांगायचं ते मी सांगते.’ त्या दिवसापासून काशी माझी जेवढी तेवढीच तुमची.

आणि तुम्हालाच मी तसं बोलले. चुलत बहिणीच्या लग्नाला आठ दिवसांसाठी इकडे निघाले होते. काशीला गोवर आलेला. तुम्ही म्हणालात, ‘उन्हात नेऊ नकोस, माझ्यापाशी राहू दे.’ आणि मी सगळ्या घरासमोर म्हणाले, ‘तुमाला लेकरू न्हाई म्हणून माझं पायजे. नागपंचमीला नाळ तुमीच कापली, मायलेकीला तोडायलाच बसलाव.’ तुम्ही काशीला घेऊन आत गेलात. तुमचे भाऊ म्हणाले, ‘आता मी न्यायला येणार न्हाई. अक्काची माफी माग आन् आपल्या पायानं ये.’ इकडे दादा म्हणाला, ‘सासरहून न्यायला मूळ आल्याबिगर बसवंतरावाची बहीण पाऊल उचलणार न्हाई.’ सासरचं कोणी न्यायला येईना, माहेरचं कोणी पोचवायला जाईना. आठ दिवसांची पावणेतीन वर्षं झाली. दोन्ही घरची माणसं ताठ, आणि मधे मी सगळ्यात ताठ.

माफी मागायची राहिली होती. आज मागते. तुमचं दुःख तुमच्याच तोंडावर मारलं, माझं चुकलं.

आता एकच विचारते. पंचवीसपैकी काशीचा दोरा कोणता? मापाने सांगा, खुणेने सांगा. बाकी काही नको.

गंगम्मा


सोनपेठ,
२२ एप्रिल १९८८

वन्संना शरणार्थ.

सहा आठवडे झाले. तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलंच नाही, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगते, आणि दुपारपर्यंत ते खोटं वाटायला लागतं.

काल व्यंकटराव दुकानावर आले. सुपारी कातरत बसले. मी म्हटलं, काय ते सांगून टाका. तर म्हणाले, ‘ताई, तुमच्या मालकासाठी चुडावा गावची पोरगी बघायलेत म्हणं. तुमच्या सासूनं बोलणं लावलंय. पक्कं काही न्हाई, पण पाव्हणे येऊन गेले.’ मी हातातलं काज तसंच पुरं केलं. नंतर बघितलं तर ते सदऱ्याच्या खिशावर केलं होतं. सिताराम शिंप्यांनी ते उसवलं.

पाव्हणे येऊन गेले म्हणजे कोणीतरी चहा केला असेल, आणि काशी कप मोजत तिथेच कुठेतरी उभी असेल. चुडाव्याची ती बाई वाईट नसेलही. तिचं मला भय नाही. मला एवढंच भय आहे की काशी तिला आई म्हणेल आणि तिला ते अवघडसुद्धा वाटणार नाही. चार वर्षांची पोर. जे समोर दिसतं ते आई.

मी मनगट्या ओवल्या. रोज तीन-तीन. दादाने एकदा विचारलं, ‘एवढे मणी कशाला?’ म्हटलं, वहिनीच्या बाळासाठी. त्याने मण्यांच्या ढिगाकडे बघितलं, बाळाच्या हाताकडे बघितलं आणि बाहेर गेला. त्याला कळतं सगळं. बोलायचं कसं, एवढं फक्त कळत नाही.

एक गोष्ट केलीय, रागावू नका. काशीच्या मनगटीत माझ्या गळ्यातल्या पोतीचा एक मणी घालायचा, असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. पण तिची कोणती तेच माहीत नाही. मग मी पोत सोडली आणि प्रत्येक मनगटीत एकेक मणी घातला. पंचवीस मणी गेले. पोत आता गळ्याशी आलीय, वहिनी दोनदा म्हणाली, ‘असं करू न्हाई, अपशकुन असतोय.’ मी म्हटलं, अपशकुनाला आता आमच्याकडे नवीन काय करायचं राहिलंय?

सव्विसावी अजून ओवली नाही. हरवलेल्या दोऱ्याचं पोर कोणतं, तेवढं तरी कळवा. त्याला अंदाजाने मधलं माप धरीन. त्याच्यावर अन्याय नको.

आणि जमलं तर काशीचं एक सांगा. ती उजव्या हाताने जेवते की डाव्या? लहानपणी डावा पुढे करायची. मनगटी कोणत्या हातात घालाल तेवढंच बघायचं होतं.

गंगम्मा


सोनपेठ,
३ मे १९८८

वन्सं, मागच्या पत्रात एक विचारायचं राहिलं म्हणून हे कार्ड. मनगट्या एस.टी.ने पाठवू का? व्यंकटराव नेतील. उत्तर आलं नाही तर दहा तारखेला बांधून देईन. हो-नाही काहीतरी लिहा. नुसतं ‘नाही’ लिहिलंत तरी चालेल.

गं.


सोनपेठ,
३० मे १९८८

चन्नबसम्मा वन्संना शरणार्थ.

तुमचं पाकीट नऊ तारखेला आलं. एक दिवस उशिरा आलं असतं तर मनगट्या व्यंकटरावांच्या पिशवीत गेल्या असत्या. तेव्हापासून रोज उत्तर लिहायला बसते आणि कागद तसाच ठेवते. तुमचं पत्र मला तोंडपाठ झालंय, तरी इथे उतरवून काढते. तुम्ही हे खरंच लिहिलंत, याची खात्री माझ्या हाताला पटू द्या.

‘गंगू, तू काशीचा दोरा वळखला न्हाईस, कारण तो त्यात नव्हताच. पोरं सव्वीस, दोरे पंचवीस. पाकीट मीच कोपऱ्यात फाडलं, तुला पोस्टावर राग काढता यावा म्हणून. तिचं माप ज्याला पायजे त्यानं इथं येऊन घ्यावं. दोरे धाडले तवाच ठरवलं होतं, मग तुझं पत्र आलं आन् मला दीड महिना राग निवायला लागला. तू बोललीस ते लागलं होतं. अजून लागतंय. आलीस की बोलू. तिची तारीख एक जून मीच टाकली, नागपंचमी लिहायला हात धजंना. एक जूनला पालकांना बोलावलंय. काशीच्या पालकाला हे बोलावणं समज. बालवाडीच्या बाईला पालक बोलवायला कुणाचं मूळ लागत न्हाई. चुडाव्याचे पाव्हणे जूनच्या आठ तारखेला पुन्हा यायलेत. माझा भाऊ शिवरुद्र हो बी म्हणंना, न्हाई बी म्हणंना. त्याच्या तोंडाकडं बघत बसशील तर म्हातारी होशील. काशी डाव्या हातानंच जेवते. मी लय बोलले, तरी सोडंना.’

वन्सं, मी ओळखलं नाही ते बरोबरच होतं. दोन महिने मी स्वतःला म्हणत होते की तू आई राहिली नाहीस. तुम्हाला ते थांबवता आलं असतं आणि तुम्ही थांबवलं नाहीत. त्याचा मला रागही आहे. आल्यावर तोही बोलू. फिटंफाट होईल.

दादाला काल पत्र दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, ‘ह्याला मूळ म्हणायचं का?’ मी म्हटलं, बाईच्या सहीचं आहे, वर बालवाडीचा शिक्काही आहे. त्याने त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, ‘शिक्का हाय मंजी सरकारी काम. सरकारी कामाला न्हाई म्हणता येत न्हाई.’ त्याची इज्जतही राहिली आणि माझी वाटही मोकळी झाली. परभणीपर्यंत तो येतोय, पुढे मी एकटी.

हे पत्र टपालात न टाकता व्यंकटरावांच्या हाती देते. ते उद्या तुमच्याकडे टाकतील, मी परवा सकाळच्या गाडीने पोचेन. उशीर झाला तर पोरांना सुकडी देऊन बसवून ठेवा. बालवाडीत तुमच्या हाताखाली असते त्या दगडाबाईला म्हणावं, दारात काशीला उभी करून ‘बघ कोण आलं’ असं काही करू नकोस. तिने मला ओळखलं नाही तर मला तेवढ्या लोकांत उभं राहता यायचं नाही. मी आपली मनगट्या घेऊन आलेली कोणीतरी बाई. ओळीने सगळ्यांच्या हातात घालत जाईन, नाव विचारीन, हात धरीन. काशीला सगळ्यात शेवटी बसवा. तोवर माझ्या हाताला लेकरांच्या हातांची सवय होईल. तिने हात मागे घेतला तर मी ओढणार नाही. आठ तारीख लांब नाही, हे मला कळतं. पण लेकराचा हात ओढून आई होता येत नाही.

त्यानंतर घरी काय व्हायचं ते होऊ दे. आत्याबाई दारातून परत फिरवतील किंवा फिरवणार नाहीत. तुमचे भाऊ बोलतील किंवा नेहमीसारखे आढ्याकडे बघतील. मी ओट्यावर बसेन. आपल्या पायाने आले आहे आणि माफीही मागितली आहे, आता त्यांच्याकडे सांगायला काही उरलेलं नाही.

पंचवीस मनगट्या गाठी मारून, माप लावून कागदात बांधल्या आहेत. सव्विसावी ओवली नाही. तिचा दोरा मोकळाच आणतेय, मणी पुडीत आहेत, आणि माझ्या पोतीतला एक वेगळा काढून ठेवलाय. किती लागतील ते तिच्या हातावरच मोजू. तिचा डावा हात मी धरीन, ओवीनही मीच. गाठ मात्र तुम्ही मारायची, वन्सं. नाळ तुम्ही कापली होती.

गंगम्मा